डॉ. हॅरॉल्ड मॅन : प्राध्यापकांना खेड्यात नेणारे प्राचार्य

शेतकी कॉलेजात शिकविणाऱ्याला शेतीचे शास्त्र ठाऊक असते. पण शेतकऱ्याचे घर ठाऊक असतेच असे नाही. ही उणीव ज्यांनी ओळखली, त्या डॉ. हॅरॉल्ड मॅन यांची ओळख वाचकांना, विशेषतः शिक्षकांना, उपयोगी पडेल.

त्यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडातील यॉर्क येथे झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन १९०० साली ते हिंदुस्थानात आले आणि चहाच्या लागवडीवर संशोधन करू लागले. १९०७ साली ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले.

शेतकरी आळशी व उधळा आहे, म्हणून तो कर्जात बुडतो, असे त्या काळी पुष्कळजण मानीत. डॉ. मॅन यांनी हे मत पारखून पाहावयाचे ठरविले. सहस्रबुद्धे, कानिटकर, तम्हाणे इत्यादी कॉलेजातील सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर हे गाव निवडले. माती, विहिरी, गुरे, पिके, घरखर्च, कर्ज अशी सर्व बारकाईने पाहणी केली. एरवी वर्गात शिकविणारी ही मंडळी आता शेतकऱ्याकडून शिकत होती.

१९१७ साली हा अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. १७७१ साली त्या गावात सरासरी ४० एकरांचे असणारे खाते १९१५ पर्यंत अवघ्या ७ एकरांवर आले होते. १०३ कुटुंबांपैकी फक्त ८ कुटुंबांचा निर्वाह स्वतःच्या जमिनीवर नीट होई. २८ कुटुंबे बाहेरच्या मजुरीच्या आधाराने तगून होती. उरलेल्या ६७ कुटुंबांचे त्यानेही भागत नव्हते. मग दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी कसा मारावा?

परंतु पुण्याशेजारच्या एका गावावरून सर्वांविषयी बोलणे त्यांना योग्य वाटले नाही. म्हणून कानिटकरांना बरोबर घेऊन त्यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची पाहणी केली. तेथे शेकडा ८५ कुटुंबांची मिळकत गरजेला पुरत नव्हती. आपलेच अनुमान पुन्हा तपासण्याचा हा प्रामाणिकपणा कोणत्याही शिक्षकाने घेण्यासारखा आहे. याच कानिटकरांनी पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनात मोठे नाव मिळविले व १९४४ साली त्या विषयावर ग्रंथ लिहिला.

डॉ. मॅन यांची दृष्टी जमीनवाल्यांपुरतीच नव्हती. दख्खनच्या खेड्यातील महार कुटुंबांच्या स्थितीवरही त्यांनी लिहिले. पुढे ते मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक झाले. आपले बेळगाव-निपाणीही तेव्हा त्याच इलाख्यात होते. १९२७ साली ते पद सोडून ते मायदेशी परतले. तेथेही त्यांचे संशोधन चालूच राहिले. १९६१ साली ते निवर्तले.

आज पिंपळे सौदागर उंच इमारतींनी भरून गेले आहे. तरी या प्राचार्यांचा धडा जुना झालेला नाही. प्राध्यापक असो वा शब्बाथशाळेचा शिक्षक, त्याने विद्यार्थ्याच्या घरचा उंबरठा एकदा तरी ओलांडावा. मुलाच्या घरी काय शिजते हे ज्याने पाहिले, त्याचे शिकविणे बदलल्यावाचून राहत नाही.