सेनापती आणि सैनिक : हजरत खालिद बिन वलीद (रजि.)

हजरत खालिद बिन वलीद (रजि.) कुरैशांच्या बनू मख्जूम या लढवय्या कुळातील. हिजरी 3 मध्ये उहुदच्या मैदानावर ते अद्याप इस्लामच्या विरोधात उभे होते. विजय झाला असे समजून टेकडीवरील बहुतेक मुस्लिम तिरंदाजांनी जागा सोडली, आणि तेवढी फट त्यांच्या नजरेने हेरली. घोडेस्वारांसह वळसा घालून त्यांनी पिछाडी गाठली व लढाईचे पारडे फिरवले.

हिजरी 8 मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्याच वर्षी आजच्या जॉर्डनमधील मूता येथे तीन हजार मुसलमान बायझंटाईन रोमनांच्या कितीतरी मोठ्या फौजेशी भिडले. हजरत जैद बिन हारिसा, हजरत जाफर बिन अबू तालिब आणि हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) हे तिन्ही सेनापती एकापाठोपाठ शहीद झाले आणि ध्वज खालिद (रजि.) यांच्या हाती आला. त्या दिवशी त्यांच्या हातात नऊ तलवारी मोडल्या. तथापि त्यांचे खरे कर्तृत्व मला त्यानंतरच्या माघारीत दिसते. त्यांनी उजवी फळी डावीकडे नेली, पिछाडी आघाडीला आणली. समोर नवे चेहरे पाहून शत्रूस कुमक आल्याचा भास झाला, आणि त्या संभ्रमात फौज सुखरूप निघाली. मदीनेत काहींनी परतलेल्यांना पळपुटे म्हणून हिणवले, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मात्र, हे पुन्हा चालून जाणारे आहेत, असे सांगून त्यांची बाजू घेतली. सैफुल्लाह, म्हणजे अल्लाहची तलवार, हा किताब याच लढाईतला.

पुढे इराकची मोहीम झाली, आणि तेथून निर्जल वाळवंट ओलांडून ते अचानक सीरियात उतरले. अशा विजयी सेनापतीकडून हजरत उमर (रजि.) यांनी खलीफा होताच सरसेनापतिपद काढून हजरत अबू उबैदा (रजि.) यांना दिले. एवढ्या कारणावरून इतिहासात कित्येक फौजा फुटल्या आहेत. खालिद (रजि.) मात्र अबू उबैदांच्या हाताखाली लढत राहिले, आणि अबू उबैदांनीही त्यांचा सल्ला कधी कमी लेखला नाही. हिजरी 15 मध्ये यर्मूकच्या काठी सहा दिवस लढाई चालली. खालिद (रजि.) यांनी निवडक घोडदळ हाताशी राखले होते, फळी जेथे वाकेल तेथे ते धावून जाई. अखेरच्या दिवशी त्याच घोडदळाने रोमन स्वारांना उधळून लावले, आणि एकाकी पडलेले पायदळ खोल दऱ्यांच्या कड्यांवर कोंडले गेले.

हिजरी 17 मध्ये त्यांना सैन्यातूनच दूर करण्यात आले. यात राग वा अप्रामाणिकपणाचा संशय नाही, लोकांनी विजयाचे श्रेय अल्लाहऐवजी एका माणसाला देऊ नये एवढाच हेतू आहे, असे हजरत उमर (रजि.) यांनी प्रांतोप्रांती कळवले. खालिद (रजि.) यांना हे सलले असणारच, पण ज्या फौजा त्यांच्या एका शब्दावर उठल्या असत्या, त्यांना त्यांनी तो शब्द दिला नाही.

हिजरी 21 मध्ये त्यांचे निधन झाले. बहुतेक इतिहासकारांच्या मते हिम्स येथे. अंगावर जखमांचे असंख्य वण होते, आणि मृत्यू अंथरुणावर आला. आपल्या पश्चात मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचे काम त्यांनी हजरत उमर (रजि.) यांच्यावरच सोपवले होते, असे वृत्तान्तांत आढळते.