न्यूयॉर्कला उतरलेले भीमराव

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत बाबासाहेबांवर लेख असतोच. महाडचं चवदार तळं, काळाराम मंदिर, नागपूरची धम्मदीक्षा हे आपल्या पोराटोरांनाही तोंडपाठ आहे. म्हणून यावेळी आम्ही जरा मागचा काळ घेतला. बाबासाहेब अजून बाबासाहेब झाले नव्हते. बावीस वर्षांचे भीमराव होते आणि परक्या मुलखात, परक्या शहरात एकटे उतरले होते. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला गेलेला असतो. नव्या शहरातली पहिली रात्र काय असते हे चाकरमान्याला वेगळं सांगायला नको.

या प्रवासात आपल्या जिल्ह्याच्या एका माणसाचा हात आहे, तो आधी सांगितला पाहिजे. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मूळ वेंगुर्ले तालुक्यातल्या केळूस गावचे. मुंबईला विल्सन हायस्कुलात ते शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसतो हे त्यांनी पाहिलं आणि आपणहून त्याची चौकशी केली. जात कळल्यावरही त्यांनी पाठ फिरवली नाही. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. १९५६ च्या दीक्षेचं बी त्या पुस्तकात होतं, असं आम्ही मानतो. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देणारेही तेच.

१९१३ साल उजाडलं ते दुःख घेऊन. भीमराव बी. ए. होऊन बडोद्याला नोकरीवर रुजू होतात न होतात तोच वडील आजारी पडल्याची बातमी आली. २ फेब्रुवारीला सुभेदार रामजी गेले. ज्या बापाने कर्ज काढून, दागिने गहाण टाकून मुलाला पुस्तकं पुरवली, त्याला मुलाचे पुढचे दिवस बघायला मिळाले नाहीत. त्याच सुमारास महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. ४ जूनला करारावर सह्या झाल्या. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळायचे आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची चाकरी करायची. परळच्या बी. आय. टी. चाळीत रमाई होत्या, मांडीवर सहा महिन्यांचा यशवंत होता. घरचा कर्ता पुरुष नुकताच गेलेला, आणि भीमराव बोटीवर चढले.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात पहिली जागा मिळाली. पण तिथलं अर्धकच्चं जेवण काही घशाखाली उतरेना. पेज आणि निवट्याच्या कालवणावर वाढलेल्या माणसाला हे लगेच समजेल! आठवडाभरात ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथे काही हिंदी विद्यार्थी राहत. मग लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. ही मैत्री जन्मभर टिकली. पुढे अडीनडीला बाबासाहेबांना पैसा पुरवणाऱ्यांत हे भथेना होते.

पण खोली आणि जेवण ही वरवरची गोष्ट झाली. खरी गोष्ट वेगळीच आहे. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला बसायला गोणपाट घरून न्यावं लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने वरून पाणी ओतलं तरच प्यायचं, शिपाई नसला तर तसंच घरी जायचं. तोच मुलगा आता सगळ्यांच्या टेबलावर जेवत होता, सगळ्यांच्या न्हाणीघरात आंघोळ करत होता, ग्रंथालयातलं कुठलंही पुस्तक स्वतःच्या हाताने काढत होता. कोणी जात विचारत नव्हतं. त्या देशातही काळ्या माणसांना काय भोगावं लागत होतं हे आपल्याला ठाऊक आहे. तरी भीमरावांपुरतं बोलायचं, तर माणूस म्हणून जगणं काय असतं हे त्यांना पहिल्यांदा तिथे कळलं.

अशा वेळी माणूस मागचं विसरतो. ते विसरले नाहीत. पोचून फार दिवस झाले नव्हते, तोच ऑगस्टमध्ये त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. आईबाप मुलाला नुसता जन्म देत नाहीत, त्याचं आयुष्य घडवणंही त्यांच्या हाती असतं, आणि मुलांबरोबर मुलींना शिकवलं तर आपल्या समाजाची प्रगती फार वेगाने होईल, असा त्याचा आशय होता. १९१३ सालची ही गोष्ट आहे, बरं का!

ते देव नव्हते, हेही सांगायला हवं. पहिले काही महिने खेळ, नाटकं, हिंडणं-फिरणं यात गेले, असं चरित्रकारांनी लिहिलं आहे. मग एका रात्री त्यांना झोप येईना. घरची माणसं काय हालात आहेत, महाराजांचा पैसा कशासाठी आहे, हे डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि त्या रात्रीपासून माणूस पालटला. दिवसाचे अठरा अठरा तास वाचन. खाण्यात काटकसर करून घरी पैसे पाठवायचे आणि जुन्या बाजारातली पुस्तकं घ्यायची. एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र वेगळंच. सेलिग्मन, ड्यूई यांसारखे गुरू लाभले. १९१५ साली एम. ए. झाले आणि ९ मे १९१६ रोजी भारतातल्या जातींवरचा निबंध त्यांनी तिथे वाचला. ज्या दुखण्याने पोळलो, त्याचंच शास्त्र त्यांनी मांडलं.

आणि परत आल्यावर? १९१७ साली करारानुसार बडोद्याला नोकरीवर गेले, तर राहायला कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढलं. न्यूयॉर्कने ज्याला आठवड्यात सामावून घेतलं, त्याला स्वतःच्या देशात झाडाखाली बसून रडावं लागलं. माणूस तोच, उलट आता जास्त शिकलेला. मग खोट कुठे होती? माणसात नव्हती, व्यवस्थेत होती. हे त्यांना दोन्ही शहरांनी मिळून शिकवलं.

आमच्या पिढीतले पुष्कळ गिरणीत राबले, शिक्षण अर्धवट राहिलं, जे शिकलो ते ग्रंथालयात आणि विहारात. आज आपली मुलं-मुली पुण्या-मुंबईला, काही तर परदेशातही शिकायला जातात. जावीतच. तिथे आडनाव कोणी विचारलं नाही, तर त्या मोकळ्या हवेत मनसोक्त श्वास घ्यावा, थोडी मजाही करावी. फक्त भीमरावांची ती झोप उडालेली रात्र एकदा तरी आपल्या वाट्याला यावी. आणि इकडे राहिलेल्यांनी केळुसकर गुरुजी व्हावं. बागेत, एस. टी. स्टँडवर, विहाराच्या पायरीवर एखादं पोर वाचताना दिसलं, तर थांबून विचारावं, बाळा, काय वाचतोस? आपल्याकडचं एखादं पुस्तक त्याच्या हातात ठेवावं. त्यातून काय उगवेल, हे त्या दिवशी केळुसकरांना तरी कुठे ठाऊक होतं!

जय भीम! नमो बुद्धाय!