विद्युतघटाचे जनक व्होल्टा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या नांदगाव पेठेत पारा ४५ अंशांवर गेला होता. आजीला ऊन बाधले, म्हणून बाबांनी हप्त्यावर एसी घेतला. गावच्या एमआयडीसीत १३५० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. पण वादळ सुटले की आमच्याकडे लाईन जायची ती जातेच. एका दुपारी अशीच लाईन गेली आणि आजी तळमळू लागली. बाबा एसी इन्व्हर्टरला जोडायला निघाले. मी बॅटरीवरची अक्षरे वाचली : १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर. हा व्होल्ट कोण? कॉलेज उघडल्यावर मी ग्रंथालयात त्याचा शोध घेतला.

अलेस्सान्द्रो व्होल्टा यांचा जन्म १७४५ साली इटलीतील कोमो गावी झाला. चार वर्षांचे होईतो ते बोलतच नव्हते. घरच्यांना मूल मंद वाटले. पुढे त्यांनी वकील व्हावे अशी घरची इच्छा होती, पण त्यांचे मन विजेत रमले. १७७९ साली ते पाव्हिया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या काळी गॅल्वानी या शास्त्रज्ञाला मेलेल्या बेडकाचा पाय दोन धातूंच्या स्पर्शाने उडालेला दिसला. वीज प्राण्याच्या अंगात असते, असे त्याने मानले. व्होल्टांना ते पटले नाही. त्यांनी बेडूकच बाजूला काढला. जस्त व चांदीच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी उतरंड रचली. वीज सलग वाहू लागली! १८०० साली त्यांनी हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवला, तर १८०१ साली पॅरिसमध्ये नेपोलियनला प्रयोग करून दाखवला. या विजेचे मूळ रासायनिक क्रियेत आहे, हे मात्र पुढच्यांनी सिद्ध केले. १८२७ साली व्होल्टा वारले. १८८१ साली विद्युतदाबाच्या एककाला त्यांचे नाव मिळाले.

घरी येऊन मी गुणाकार मांडला. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर. एक टनाचा एसी सुमारे १२०० वॅट खातो. म्हणजे कागदावरही दीडच तास. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका लहान इन्व्हर्टरला सोसत नाही. ७५ वॅटचा पंखा मात्र रात्रभर चालतो. बाबांनी माझा हिशेब दोनदा ऐकला. आता लाईन गेली की बॅटरीवर आजीचा पंखा फिरतो आणि खिडकीला ओली चादर लागते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वर्गात अजून माझे तोंड उघडत नाही. पण चार वर्षे न बोललेल्या त्या मुलाचे नाव आज आमच्या ओसरीतल्या बॅटरीवर आहे. ते वाचले की मला धीर येतो.