रसायनाचार्य मेंडेलीव्ह

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेंत पाऊल ठेवतांच भिंतीवर टांगलेला चौकटीचौकटींचा एक मोठा तक्ता विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडतो. प्रत्येक चौकटींत एकेका मूलद्रव्याचें चिन्ह व त्याचा अंक असतो. आज त्यांत ११८ मूलद्रव्यें आहेत. परीक्षेच्या धास्तीनें हा तक्ता पाठ करणारे पुष्कळ. परंतु तो कोणीं व कशासाठीं सिद्ध केला, हें जाणण्याची जिज्ञासा थोड्यांसच होते. आपल्या विद्यार्थ्यांस विषय नीट समजावा म्हणून एका शिक्षकानें तो मांडला; आणि तो शिक्षक घडावा म्हणून एका मातेनें आपलें सर्वस्व वेंचलें. त्या शिक्षकाचें, म्हणजे दिमित्री इव्हानोविच मेंडेलीव्ह यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

दिमित्रीचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ रोजीं सैबेरियांतील तोबोल्स्क या गांवीं झाला. अनेक भावंडांत तो सर्वांत धाकटा. त्याचे वडील इव्हान पाव्लोविच हे तेथील विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. परंतु दिमित्रीच्या जन्माच्याच वर्षीं त्यांची दृष्टि गेली व नोकरी सुटली. तुटपुंज्या पेन्शनीवर एवढ्या मोठ्या कुटुंबाचा निर्वाह होणें अशक्य होतें. अशा वेळीं माता मारिया दिमित्रियेव्ना हिनें पदर खोंचला. जवळच्या अरेम्झ्यान्का खेड्यांत तिच्या माहेरचा काचेचा एक कारखाना बंद पडला होता. तो तिनें पुन्हां चालू केला आणि संसाराचा गाडा ओढला. वाळू वितळून तिची काच कशी होते, हें दिमित्रीनें पुस्तकांत वाचण्यापूर्वीं त्या भट्टीपाशीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्याच्या एका बहिणीचे यजमान बासार्गिन हे झारच्या सत्तेविरुद्ध १८२५ सालीं झालेल्या उठावाच्या प्रकरणांत हद्दपार होऊन सैबेरियांत आलेले सुशिक्षित गृहस्थ होते. त्यांच्या सहवासानें मुलाला शास्त्रविषयांची गोडी लागली. गणित व पदार्थविज्ञान यांत त्याचें मन रमे; लॅटिन भाषेशीं मात्र त्याचें कधींच जमलें नाहीं.

१८४७ सालीं वडील निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. परंतु दैवाला दोष देत स्वस्थ बसणें त्या माउलीच्या स्वभावांत नव्हतें. १८४९ सालीं दिमित्रीचें शालेय शिक्षण पुरें होतांच, त्याला व एका मुलीला बरोबर घेऊन ती मॉस्कोकडे निघाली. त्या वाटेवर तेव्हां आगगाडी नव्हती. दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर घोड्यांच्या गाडींतून कंठावयाचें होतें. एवढा प्रवास करूनहि मॉस्को विद्यापीठांत त्याला प्रवेश मिळाला नाहीं. तेव्हां तिनें राजधानी सेंट पीटर्सबर्ग गांठली. अखेर १८५० सालीं, ज्या संस्थेंत वडिलांनीं अध्ययन केलें होतें त्याच मुख्य अध्यापन-विद्यालयांत दिमित्रीला स्थान मिळालें. मुलगा मार्गास लागला आणि मातेचें कार्य संपलें. त्याच वर्षीं ती परलोकवासी झाली. पुढें १८८७ सालीं, कीर्तीच्या शिखरावर असतां, मेंडेलीव्ह यांनीं द्रावणांवरील आपला मोठा ग्रंथ मातेच्या स्मृतीस अर्पण केला.

या अध्यापन-विद्यालयांत रसायनशास्त्र शिकविणारे वोस्क्रेसेन्स्की हे जर्मनींतील गीसेन येथें सुप्रसिद्ध लीबिग यांच्या हाताखालीं शिकून आले होते. गुरूनें प्रयोग करावा व शिष्यांनीं दुरून पाहावा, असा त्यापूर्वीं बहुतेक ठिकाणीं प्रघात असे. गीसेनच्या विद्यापीठांत १८२४ सालीं नेमणूक झालेल्या लीबिग यांनीं विद्यार्थ्याच्याच हातीं तराजू व दिवा दिला. आधीं ठाऊक असलेल्या पदार्थांचें पृथक्करण करावयाचें, मग अज्ञात पदार्थ ओळखावयाचा आणि हात बसल्यावर स्वतंत्र शोधास लागावयाचें, असा त्यांचा क्रम होता. ही परंपरा वोस्क्रेसेन्स्की यांच्याकडून दिमित्रीकडे आली.

विद्यार्थी असतांनाच त्यानें फिनलंडांतील खनिजांचें पृथक्करण केलें व त्याचा वृत्तांत १८५४ सालीं प्रसिद्ध झाला. हें काम मोठें चिकाटीचें असतें. खनिज कुटून त्याची वस्त्रगाळ पूड करावयाची, ती अम्लांत विरघळवावयाची, योग्य द्रव्य घालून एकेक घटक साक्याच्या रूपानें खालीं बसवावयाचा. मग तो साका गाळून, धुवून, तापवून, वाळवून तोलावयाचा. सर्व घटकांची बेरीज शेवटीं शंभराच्या आसपास आली पाहिजे. ती न आली तर कोठें तरी साका सांडला, धुतांना कांहीं वाहून गेलें किंवा ओलसर राहिलें, असें समजून पुन्हां आरंभ करावयाचा. येथें वाक्चातुर्य कामास येत नाहीं. तराजू कोणाची भीड धरीत नाहीं. याच काळांत दिमित्रीची प्रकृति ढांसळली. छातींतून रक्त पडूं लागलें व वैद्यांनीं क्षयाची शंका घेतली. तरीहि त्यानें अभ्यास सोडला नाहीं आणि १८५५ सालीं सुवर्णपदक मिळवून तो उत्तीर्ण झाला.

दक्षिणेकडील उबदार हवेंत कांहीं काळ शिक्षकाची नोकरी करून मेंडेलीव्ह प्रकृति सुधारल्यावर राजधानींत परतले, आणि १८५९ सालीं उच्च अध्ययनासाठीं त्यांस जर्मनींतील हायडेलबर्ग येथें धाडण्यांत आलें. तेथें बुन्सेन यांची प्रयोगशाळा जगप्रसिद्ध होती. परंतु तेथील तराजू त्यांच्या सूक्ष्म कामास पुरे पडत ना. म्हणून त्यांनीं राहत्या बिऱ्हाडींच एक लहानशी प्रयोगशाळा थाटली व उत्तम उपकरणें मागविलीं. द्रव पदार्थ तापविले असतां त्यांचे गुण कसे पालटतात, याचीं मोजमापें करतां करतां, विशिष्ट तपमानाच्या वर कितीहि दाब दिला तरी वायूचा द्रव होत नाहीं, हें सत्य त्यांस १८६० सालीं आढळलें.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत कार्ल्सरूह येथें युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिचें कारण असें कीं, शास्त्रज्ञांचें एकमेकांशीं बोलणेंच कठीण झालें होतें. कोणी कार्बनचा अणुभार ६ मानी, तर कोणी १२. कोणी ऑक्सिजनचा ८ धरी, तर कोणी १६. त्यामुळें एकाच पदार्थाचीं निरनिराळीं सूत्रें लिहिलीं जात. इटालियन शास्त्रज्ञ कान्निझारो यांनीं अणुभार ठरविण्याची निश्चित पद्धति त्या सभेंत प्रतिपादन केली. तरुण मेंडेलीव्ह यांच्या मनावर तिचा कायमचा ठसा उमटला. सर्वांचें माप एक असल्यावांचून कोणतेंच कोष्टक मांडतां येत नाहीं, हें त्यांस तेथें उमजलें.

१८६१ सालीं स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं अध्यापन व ग्रंथलेखन आरंभिलें. १८६७ सालीं ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठांत रसायनशास्त्राचे मुख्य प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावें असें चांगलें पुस्तक रशियन भाषेंत नव्हतें. म्हणून ते स्वतःच ‘रसायनशास्त्राचीं मूलतत्त्वें’ हा ग्रंथ लिहूं लागले. पहिला भाग संपत आला तेव्हां मोठी अडचण पुढें उभी राहिली. तोंपर्यंत ६३ मूलद्रव्यें ज्ञात झालीं होतीं. त्यांपैकीं थोड्यांचेंच विवेचन झालें होतें. उरलेलीं कोणत्या क्रमानें सांगावीं?

व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन वह्या असतात. रोजच्या रोज जें घडेल तें जसेंच्या तसें रोजकीर्दींत टिपलें जातें. पुढें त्याच रकमा खतावणींत ज्याच्या त्याच्या खातीं पडतात, आणि तेव्हांच पेढीची खरी स्थिति कळते. रसायनशास्त्राची रोजकीर्द त्या काळीं तुडुंब भरली होती. शेकडों प्रयोगशाळांतून वजनें, रंग, स्फटिकांचे आकार व संयोगाचीं प्रमाणें यांची नोंद झाली होती; पण तिची खतावणी कोणीं घातली नव्हती. इंग्लंडांत न्यूलँड्स व जर्मनींत लोथार मायर यांनीं त्या दिशेनें प्रयत्न केले होते. तरी सर्व मूलद्रव्यांना सामावून घेईल अशी सर्वमान्य मांडणी अद्याप व्हावयाची होती.

१ मार्च १८६९ रोजीं मेंडेलीव्ह परगांवच्या दूधचिजाच्या कारखान्यांची पाहणी करण्यास निघावयाचे होते. त्या दिवशीं हातीं आलेल्या एका पत्राच्या पाठीवर त्यांनीं कांहीं अणुभार लिहून पाहिले. मूलद्रव्यांचे गुण निरनिराळ्या पत्त्यांवर लिहून ते पत्ते त्यांनीं डाव मांडावा तसे लावून पाहिले, असेंहि सांगतात. क्लोरिन ३५.५, ब्रोमिन ८०, आयोडिन १२७, हें एक कुटुंब. पोटॅशियम ३९, रुबिडियम ८५, सीझियम १३३, हें दुसरें. हीं दोन कुटुंबें स्वभावानें अगदीं परस्परविरुद्ध. पण एकाखालीं एक ओळीनें मांडतांच प्रत्येक जोडींतील अणुभार एकमेकांच्या निकट आहेत, असें दिसून आलें. कॅल्शियम ४०, स्ट्रॉन्शियम ८७.६ व बेरियम १३७ हें तिसरें कुटुंब त्यांच्याच शेजारीं बसलें. अणुभाराच्या चढत्या क्रमानें मूलद्रव्यें मांडलीं असतां ठराविक अंतरानें तेच तेच गुण पुन्हां पुन्हां प्रकट होतात, हा आवर्तनाचा नियम त्यांस गवसला. त्याच महिन्यांत रशियन रसायन-मंडळाच्या सभेंत मेन्शुत्किन यांनीं त्यांच्या वतीनें तो निबंध सादर केला.

मांडणी केली एवढ्यानें मेंडेलीव्ह थोर ठरत नाहींत. तिच्यावर त्यांनीं केवढा विश्वास टाकला, हें पाहण्यासारखें आहे. युरेनियमचा अणुभार त्या काळीं १२० मानीत. तो तेथें बसेना, म्हणून त्यांनीं तो २४० असला पाहिजे असें ठरविलें. आणि जेथें योग्य मूलद्रव्य मिळेना तेथें दुसरें कोणतें तरी कोंबून न भरतां त्यांनीं ती चौकट रिकामी ठेवली. १८७१ सालीं तर अशा तीन रिकाम्या जागीं कोणत्या गुणांचीं मूलद्रव्यें सांपडतील, त्यांचे अणुभार किती असतील व त्यांचें विशिष्ट गुरुत्व किती भरेल, हें त्यांनीं आगाऊ छापून टाकलें. या अजात बालकांचें बारसें करतांना त्यांनीं आपल्या संस्कृत भाषेंतील संख्यावाचक शब्दाचें साहाय्य घेतलें, हें वाचून आमच्या वाचकांस कौतुक वाटेल. अॅल्युमिनियम, बोरॉन व सिलिकॉन यांच्या पुढील पहिल्या स्थानचीं म्हणून त्यांस एक-अॅल्युमिनियम, एक-बोरॉन व एक-सिलिकॉन अशीं नांवें मिळालीं.

अनेकांनीं हा कल्पनेचा खेळ मानला. परंतु १८७५ सालीं फ्रान्समध्यें लकॉक द ब्वाबोद्रान यांस जस्ताच्या खनिजांत, वर्णपटावरील दोन जांभळ्या रेघांवरून, एक नवी धातु सांपडली. तिला त्यांनीं गॅलियम असें नांव दिलें. तिचें विशिष्ट गुरुत्व त्यांनीं ४.७ दिलें. तें वाचून मेंडेलीव्ह यांनीं कळविलें कीं, हें एक-अॅल्युमिनियमच असून त्याचें विशिष्ट गुरुत्व ५.९ च्या सुमारास भरलें पाहिजे. ज्यानें ती धातु कधीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं, त्यानें ती हातांत धरणाऱ्यास त्याचें माप चुकल्याचें सांगावें, हें केवढें धाडस! फ्रेंच शास्त्रज्ञानें धातु अधिक शुद्ध करून पुन्हां तोलली, उत्तर ५.९ आलें. १८७९ सालीं स्वीडनमध्यें निल्सन यांनीं स्कँडियम शोधलें, तें एक-बोरॉन ठरलें. १८८६ सालीं जर्मनींत विंक्लर यांस जर्मेनियम मिळालें. एक-सिलिकॉनचा अणुभार ७२ सांगितला होता, तो ७२.३ भरला. तेव्हां शंका घेणारे स्तब्ध झाले.

मेंडेलीव्ह यांचें सर्वच खरें ठरलें असें मात्र नाहीं. टेल्युरियमचा अणुभार आयोडिनहून अधिक असतांहि गुणांकडे पाहून त्यांनीं टेल्युरियमला आधीं बसविलें, आणि वजन करणाऱ्यांचीच चूक असावी असें मानलें. वजन बरोबरच होतें. त्यांनीं दिलेली जागाहि बरोबर होती. खरा क्रम अणुभाराचा नसून अणुक्रमांकाचा आहे, हें १९१३ सालीं मोसली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें दाखविलें. ऑर्गॉन वायूचा शोध १८९४ सालीं लागला तेव्हांहि, त्याला आपल्या कोष्टकांत जागा दिसेना म्हणून ते आरंभीं साशंक राहिले. पुढें पुरावा पटल्यावर त्यांनीं त्या वायूंसाठीं नवा वर्ग जोडला.

मानसन्मान त्यांस परदेशांतून भरपूर मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८८२ सालीं त्यांस व लोथार मायर यांस मिळून डेव्ही पदक अर्पण केलें आणि १९०५ सालीं कोप्ले पदक दिलें. मायदेशच्या शास्त्र-अकादमीनें मात्र १८८० सालीं त्यांस सभासद निवडण्याचें नाकारलें. १८९० सालीं विद्यार्थ्यांनीं आपल्या गाऱ्हाण्यांचा अर्ज शिक्षणमंत्र्यांकडे पोंचविण्याची त्यांस विनंति केली. तो अर्ज परत आला. तेव्हां त्यांनीं विद्यापीठाची जागा सोडली. पुढें १८९३ सालीं वजनें व मापें यांच्या सरकारी कचेरीचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. तरुणपणीं तराजूची जी भक्ति केली, तीच अशा रीतीनें उतारवयांत साऱ्या देशाच्या उपयोगीं पडली. २ फेब्रुवारी १९०७ रोजीं सेंट पीटर्सबर्ग येथें त्यांनीं इहलोकची यात्रा संपविली. १९५५ सालीं अमेरिकेंत सिद्ध झालेल्या १०१ व्या मूलद्रव्यास मेंडेलीव्हियम असें नांव देण्यांत आलें.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रापासून घ्यावयाचा धडा अगदीं रोजच्या व्यवहारांतला आहे. प्रयोगाच्या वहींत शेजाऱ्याचे आंकडे उतरून घेणें सोपें आहे. पण ज्याची रोजकीर्द खोटी, त्याची खतावणी कधींच जुळत नाहीं. उलट, नुसते आंकडे गोळा करून त्यांचा परस्परसंबंध न शोधणारा विद्यार्थी आयुष्यभर हमालीच करीत राहील. हातानें चोख तोलावें, बुद्धीनें नीट मांडावें, आणि जें ठाऊक नाहीं त्याची जागा प्रामाणिकपणें मोकळी सोडावी. आणि पालकांना सांगावयाचें तें इतकेंच कीं, तोबोल्स्कच्या त्या विधवा मातेपाशीं मुलाला देण्यासारखें धन उरलें नव्हतें; तिनें त्याला केवळ शिकण्याची संधि दिली. त्या संधीचा लाभ आज साऱ्या जगांतील विद्यार्थी घेत आहेत.