विद्या आणि विवेक : लिझे माइटनर यांचे जीवन

१ जुलै १९४६ रोजी ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे चित्र झळकले. त्यांच्या मागे अणुस्फोटाचा छत्रीच्या आकाराचा ढग उसळलेला होता आणि त्या ढगावर वस्तुमान व ऊर्जा यांचे नाते सांगणारे त्यांचे जगप्रसिद्ध समीकरण लिहिलेले होते. सापेक्षतावादातून अणुबॉम्ब जन्मला आणि आइन्स्टाइन हे त्याचे जनक होत, ही समजूत अशा चित्रांनी लोकांच्या मनात घट्ट रुजवली. या समजुतीत सत्याचा अंश आहे, पण तो केवळ अंश आहे. समीकरण आणि बॉम्ब यांच्यामध्ये चाळीस वर्षांचा काळ, अनेक प्रयोगशाळा आणि अनेक माणसे उभी आहेत. त्या माणसांत एक स्त्री होती. फुटलेल्या युरेनियमच्या केंद्रकाचा हिशेब या समीकरणाने प्रथम मांडणाऱ्या दोघांपैकी ती एक. आणि त्याच ज्ञानातून अस्त्र घडवण्याचे निमंत्रण आले तेव्हा ते नाकारणारीही तीच. त्या लिझे माइटनर होत.

लिझेचा जन्म नोव्हेंबर १८७८ मध्ये व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील फिलिप माइटनर वकील होते. आठ भावंडांत ती तिसरी. घरात पुस्तके होती, संगीत होते आणि मुलींनीही विचार करावा अशी मोकळीक होती. घराबाहेर मात्र चित्र निराळे होते. त्या काळी ऑस्ट्रियात मुलींचे सार्वजनिक शिक्षण चौदाव्या वर्षी संपत असे आणि विद्यापीठाची दारे त्यांना बंद होती. लिझेने फ्रेंच भाषेच्या शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. १८९७ मध्ये विद्यापीठे स्त्रियांसाठी खुली झाली. परंतु प्रवेशासाठी जी शालान्त परीक्षा आवश्यक होती तिची तयारी मुलींच्या शाळेत झालेलीच नसे. अनेक वर्षांचा अभ्यासक्रम तिने खासगी शिकवणीने थोडक्या काळात पुरा केला. १९०१ साली तिच्यासोबत परीक्षेस बसलेल्या चौदा मुलींपैकी चारच उत्तीर्ण झाल्या. लिझे त्यांतील एक होती.

विद्यापीठात तिला लुडविग बोल्ट्झमान यांच्यासारखा गुरू लाभला. भौतिकशास्त्र म्हणजे सूत्रांचा साठा नव्हे, तर अंतिम सत्याचा ध्यास आहे, हा संस्कार त्यांच्या व्याख्यानांनी तिच्यावर केला आणि तो जन्मभर टिकला. १९०६ मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. व्हिएन्ना विद्यापीठातून भौतिकशास्त्रात ही पदवी मिळवणारी ती दुसरी स्त्री ठरली.

१९०७ मध्ये त्या माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकण्यासाठी बर्लिनला आल्या. तेथे ओटो हान या समवयस्क रसायनशास्त्रज्ञाशी त्यांची गाठ पडली आणि किरणोत्सर्गी द्रव्यांच्या संशोधनात तीस वर्षांची भागीदारी सुरू झाली. हान यांचे बळ रासायनिक पृथक्करणात, तर माइटनर यांचे भौतिकशास्त्रीय विचारात. मात्र ज्या रसायनसंस्थेत हान काम करीत, तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. मोठ्या मिनतवारीने माइटनर यांना तळघरातील सुताराच्या जुन्या कार्यशाळेत बसण्याची परवानगी मिळाली, तीही वेगळ्या दाराने येण्याजाण्याच्या अटीवर. वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळांत त्यांनी पाऊल टाकायचे नव्हते. इमारतीत स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसल्यामुळे त्यांना शेजारच्या उपाहारगृहात जावे लागे. वेतन नव्हते, वडील पाठवीत त्या पैशांवर गुजराण चाले. पुढे स्त्रियांवरील बंदी उठली. पण पहिले वेतन हाती पडण्यासाठी १९१२ साल उजाडावे लागले.

याच काळात, १९०९ साली, साल्झबुर्ग येथील परिषदेत त्यांनी आइन्स्टाइन यांचे व्याख्यान ऐकले. दोघेही तेव्हा तिशीत होते. चार वर्षांपूर्वी, बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करीत असताना, आइन्स्टाइन यांनी अवघ्या तीन पानांच्या निबंधात दाखवून दिले होते की वस्तुमान आणि ऊर्जा ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. या व्याख्यानात त्यांनी तो निष्कर्ष पुन्हा उलगडून सांगितला. वस्तुमानाला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणले की त्यात सामावलेली ऊर्जा मिळते, हा विचार माइटनर यांना इतका नवा आणि विस्मयकारक वाटला की उतारवयातही त्यांना त्या व्याख्यानाची स्पष्ट आठवण होती.

हे समीकरण काय सांगते आणि काय सांगत नाही, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. ते केवळ अणूंना लागू नाही. चुलीत लाकूड जळते तेव्हाही बाहेर पडलेल्या उष्णतेइतके वस्तुमान कमी होते. मात्र ते इतके अल्प असते की कोणत्याही तराजूला जाणवत नाही. अणूच्या केंद्रकात घडणाऱ्या बदलांत ऊर्जा कोट्यवधी पटींनी अधिक असते, म्हणून तेथे वस्तुमानातील फरक मोजता येतो. समीकरण म्हणजे जमाखर्चाची वही. किती रक्कम गेली हे ती अचूक सांगते. तिजोरीची किल्ली कोठे आहे हे सांगत नाही. ती किल्ली सापडायला पुढे तीन दशके लागली आणि ती सापेक्षतावादातून नव्हे, तर प्रयोगशाळेतून सापडली.

दरम्यान माइटनर यांचे कर्तृत्व बहरत गेले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैनिकी रुग्णालयांत क्ष-किरण परिचारिका म्हणून काम करताना त्यांनी जखमींच्या वेदना जवळून पाहिल्या. परतल्यावर १९१८ मध्ये त्यांनी व हान यांनी प्रोटॅक्टिनियम या ९१ क्रमांकाच्या मूलद्रव्याचा दीर्घायुषी प्रकार शोधून काढला. बर्लिनच्या डालेम भागातील कैसर विल्हेल्म रसायनसंस्थेत भौतिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग त्यांच्याकडे आला. १९२६ मध्ये त्या बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. जर्मनीत भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकपदी बसलेली ही पहिली स्त्री. आइन्स्टाइन त्यांची तुलना मादाम क्युरींशी करीत.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. जन्माने ज्यू म्हणून माइटनर यांचा अध्यापनाचा अधिकार काढून घेण्यात आला; पण नागरिकत्व ऑस्ट्रियाचे असल्याने संस्थेतील काम कसेबसे चालू राहिले. पुढच्याच वर्षी रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून नवी किरणोत्सर्गी द्रव्ये मिळवली. युरेनियमहून जड अशी नवी मूलद्रव्ये तयार झाली असावीत, असा सर्वांचा समज झाला. इडा नोडाक या रसायनशास्त्रज्ञ विदुषीने केंद्रक फुटले असण्याची शक्यता सुचवली होती, पण तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. या कोड्याचा छडा लावण्यासाठी माइटनर यांनी हान यांना राजी केले. फ्रिट्झ श्ट्रासमान हे तरुण रसायनशास्त्रज्ञ तिसरे सहकारी झाले.

काम रंगात आले असतानाच मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. माइटनर यांचे कवच एका रात्रीत नाहीसे झाले. ऑस्ट्रियाचे पारपत्र निरुपयोगी ठरले आणि शास्त्रज्ञांना देश सोडू द्यायचा नाही असे धोरण आले. १३ जुलै १९३८ रोजी डच शास्त्रज्ञ डिर्क कोस्टर यांच्या सोबतीने त्या आगगाडीने हॉलंडच्या सीमेपार निसटल्या. जवळ दहा मार्क होते आणि प्रसंगी सीमेवरच्या पहारेकऱ्याला देता यावी म्हणून हान यांनी दिलेली, त्यांच्या आईची हिऱ्याची अंगठी. एकोणसाठाव्या वर्षी घर, प्रयोगशाळा, ग्रंथ सारे मागे टाकून त्या स्टॉकहोमला पोचल्या. तेथे त्यांना बसायला जागा मिळाली. उपकरणे, सहकारी आणि आपुलकी मात्र जवळजवळ नव्हतीच.

बर्लिनशी पत्रव्यवहार चालूच होता. नोव्हेंबरमध्ये कोपनहेगन येथे हान यांची गुप्तपणे भेट झाली, तेव्हा माइटनर यांनी त्यांच्या निष्कर्षांवर शंका घेऊन प्रयोग पुन्हा काटेकोरपणे करण्याचा आग्रह धरला. डिसेंबरमध्ये हान व श्ट्रासमान यांनी तो केला आणि ते चक्रावून गेले. युरेनियममधून बेरियम निघत होते. बेरियमचे वजन युरेनियमच्या निम्म्याहून थोडेच अधिक. हान यांनी १९ डिसेंबरला पत्र लिहून माइटनर यांच्याकडे उलगडा मागितला.

नाताळासाठी त्या स्वीडनमधील कुंगेल्व्ह या गावी गेल्या होत्या. त्यांचे भाचे ओटो रॉबर्ट फ्रिश, जे स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते, तेही तेथे आले होते. पत्र वाचून त्यांना प्रथम प्रयोगात चूक असावी असे वाटले. पण हान यांच्या रासायनिक कौशल्यावर माइटनर यांचा पूर्ण विश्वास होता. मावशी-भाचे बर्फातून फिरायला निघाले. बोलता बोलता एका ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या कपट्यांवर आकडेमोड सुरू केली. केंद्रक हा पाण्याच्या थेंबासारखा आहे असे मानले, तर न्यूट्रॉनच्या धक्क्याने तो डमरूसारखा मध्ये आवळून दुभंगू शकेल. दोन्ही तुकड्यांवर समान विद्युत्प्रभार असल्याने ते एकमेकांना प्रचंड बळाने दूर लोटतील. त्या गतीची ऊर्जा सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट भरत होती. ही ऊर्जा आली कोठून? येथे माइटनर यांना साल्झबुर्गचे समीकरण उपयोगी पडले. केंद्रकांची वस्तुमाने काढण्याची रीत त्यांना मुखोद्गत होती. दोन तुकड्यांचे एकत्रित वस्तुमान मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या सुमारे एक पंचमांशाने कमी येत होते आणि समीकरणानुसार त्याची ऊर्जा तेवढीच, सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. दोन स्वतंत्र वाटांनी काढलेले उत्तर जुळले. सापेक्षतावादाने केंद्रक फोडले नाही; ते फुटले आहे याची साक्ष मात्र त्याने दिली.

फ्रिश यांनी कोपनहेगनला परतून प्रयोगाने हे सिद्ध केले आणि जीवशास्त्रातील पेशीविभाजनावरून या क्रियेला नाव दिले. ११ फेब्रुवारी १९३९ रोजी दोघांचा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच नील्स बोर यांच्यासोबत ही वार्ता अमेरिकेत पोचली होती. विखंडनात नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात हे काही आठवड्यांतच पॅरिस व न्यूयॉर्क येथील प्रयोगांत दिसून आले. एका केंद्रकाने दुसरे, दुसऱ्याने तिसरे फोडावे अशी साखळी शक्य होती. किल्ली सापडली होती. अशा साखळीची कल्पना १९३३ पासून मनात बाळगणारे लिओ झिलार्ड यांनी धोका ओळखला. त्यांच्या प्रयत्नाने २ ऑगस्ट १९३९ च्या पत्रावर आइन्स्टाइन यांनी सही केली आणि जर्मनी असे अस्त्र बनवू शकेल हा इशारा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला. बॉम्बच्या जन्मकथेत आइन्स्टाइन यांचा प्रत्यक्ष वाटा मुख्यतः या पत्रापुरता आहे. पुढील प्रकल्पात त्यांना अविश्वासू ठरवून बाहेर ठेवण्यात आले.

फ्रिश मात्र त्यात ओढले गेले. १९४० मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी व रुडॉल्फ पायर्ल्स यांनी दाखवून दिले की बॉम्बसाठी युरेनियमचा विशिष्ट प्रकार थोड्या प्रमाणातही पुरेल. १९४३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या तुकडीसोबत अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे येण्याचे निमंत्रण माइटनर यांनाही मिळाले. स्टॉकहोममधील एकाकी, उपेक्षित जीवनातून ती सुटका होती. सुसज्ज प्रयोगशाळा, जुने स्नेही, जिवलग भाचा हे सारे तेथे होते. ज्या राजवटीने त्यांना देशोधडीला लावले तिच्याविरुद्धचे ते युद्ध होते. तरीही बॉम्बशी आपला काहीही संबंध असणार नाही, असे सांगून त्यांनी निमंत्रण नाकारले.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा उद्ध्वस्त झाले. त्या स्फोटात सुमारे ६४ किलो युरेनियमपैकी एक किलोहूनही कमी विखंडित झाले आणि एका ग्रॅमपेक्षा कमी वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर झाले. तीन दिवसांनी नागासाकीची पाळी आली. स्वीडनच्या एका खेड्यात असलेल्या माइटनर यांना ही बातमी पत्रकारांकडून कळली. वृत्तपत्रांनी त्यांना बॉम्बची जननी ठरवले. ज्या कामाला हात लावायला त्यांनी नकार दिला, त्याचेच कर्तेपण त्यांच्या माथी आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विखंडनाच्या शोधासाठी १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना जाहीर झाले. अस्त्राचा दोष वाटून घेताना त्यांचे नाव आले, शोधाचा मान देताना राहिले.

माइटनर यांनी याबद्दल जाहीर तक्रार केली नाही. त्यांना बोचत होते ते वेगळेच. हिटलरच्या राजवटीत गप्प राहून काम करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञांनी आपली जबाबदारी मान्य करावी, असे त्यांनी हान यांना लिहिलेल्या पत्रात स्पष्टपणे मांडले. ते पत्र हान यांच्यापर्यंत पोचलेच नाही. हा निकष त्यांनी स्वतःलाही लावला. १९३३ मध्येच आपण जर्मनी सोडायला हवी होती, पाच वर्षे तेथे राहून काम करणे नैतिकदृष्ट्या चूक होते, असे त्या मानीत. जर्मनीत परतून पद स्वीकारण्याचा प्रस्ताव त्यांनी नाकारला. हान यांच्याशी मैत्री मात्र अखेरपर्यंत राखली.

१९६० मध्ये त्या भाच्याजवळ केंब्रिजला राहायला गेल्या. १९६६ मध्ये अमेरिकेचा एन्रिको फर्मी पुरस्कार हान, श्ट्रासमान आणि माइटनर या तिघांना मिळून देण्यात आला. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी, नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. पुढे १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला त्यांच्या सन्मानार्थ ‘माइटनेरियम’ हे नाव मिळाले. इंग्लंडमधील ब्रॅम्ली गावच्या त्यांच्या समाधीशिलेवर फ्रिश यांनी पुरस्कारांची यादी कोरली नाही. या शास्त्रज्ञ स्त्रीने माणुसकी कधीही गमावली नाही, एवढाच आशय तेथे आहे.

समीकरण निर्दोष असते; ते चुलीतल्या लाकडाला आणि हिरोशिमावरच्या युरेनियमला सारखेच लागू पडते. त्याचे काय करायचे हे ठरवणारा मात्र माणूसच असतो. शाळा मुलांना समीकरण शिकवते. पण त्याच्या हाती येणारे सामर्थ्य कोठे वापरायचे आणि कोठे नाही म्हणायचे, हे कोणत्याही परीक्षेत विचारले जात नाही. लिझे माइटनर यांनी ज्या दाराने आत येण्यासाठी अर्धे आयुष्य झुंज दिली, तेच दार एका प्रसंगी स्वतःच्या हाताने बंद केले. विद्येची खरी कसोटी त्या क्षणी लागली आणि त्या तिला उतरल्या.