संत ऑगस्टीन आणि पवित्र शास्त्र

संत मोनिकेचे अश्रू आणि तिच्या पुत्राचें उच्छृंखल तारुण्य या दोन गोष्टी आपल्या धर्मग्रामांतील लहान मुलांसही ठाऊक आहेत. प्रवचनांतून त्या आपण वारंवार ऐकतों. त्याच चरित्राची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. देहवासनेची बेडी ऑगस्टीनाच्या पायांत होतीच. तिच्याइतकीच जड अशी दुसरी बेडी त्याच्या बुद्धीस पडली होती, व ती म्हणजे देवाविषयींची खोटी कल्पना. ती पवित्र शास्त्राच्या अभ्यासानें कशी तुटली, एवढीच हकीकत ज्युबिलीच्या या स्मरणपुस्तिकेंत वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

ऑगस्टीनाचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजीं उत्तर आफ्रिकेंतील तागास्ते या गांवीं झाला. हल्लीं तें ठिकाण अल्जीरिया देशांत असून त्यास सूक अहरास म्हणतात. बाप पात्रीशियस मूर्तिपूजक; त्यानें आयुष्याच्या अखेरीस स्नानसंस्कार घेतला. आई मोनिका भाविक ख्रिस्ती होती. मुलगा बुद्धीचा तल्लख निघाला, परंतु घरची स्थिति बेताची; तेव्हां गांवांतील रोमानियानुस नामक एका धनिकाच्या साहाय्यानें तो वक्तृत्वशास्त्र शिकण्यास कार्थेज शहरीं गेला. तेथें विवाहावांचून त्यानें एका स्त्रीशीं संसार मांडला व तिच्यापासून त्यास आदेओदातुस हा पुत्र झाला. त्या स्त्रीचें नांव त्यानें कोठेंही लिहून ठेविलेलें नाहीं. पुढें एका कुलीन मुलीशीं लग्न ठरलें म्हणून तिला आफ्रिकेस परत धाडण्यांत आलें; तें लग्नही झालें नाहीं. थोरांच्या चरित्रांतील असलीं स्थळें झांकून ठेवूं नयेत असें आम्हांस वाटतें.

वयाच्या १९ व्या वर्षीं सिसेरोचा एक ग्रंथ त्याच्या वाचनांत आला आणि त्यास ज्ञानाची तहान लागली. ज्या ग्रंथांत ख्रिस्ताचें नांव नाहीं त्यानें पूर्ण समाधान होईना, म्हणून त्यानें पवित्र शास्त्र उघडलें. त्या वेळचें लॅटिन भाषांतर साधें व ओबडधोबड होतें. सिसेरोच्या घोटीव भाषेची गोडी लागलेल्या त्या तरुणास तें क्षुद्र वाटलें व त्यानें तें मिटून ठेविलें. दोनचार पानें चाळून बायबलाविषयीं निकाल देणारे सुशिक्षित तरुण आपल्यांतही आहेत. त्यांनीं या प्रसंगाकडे अवश्य लक्ष द्यावें.

अशा वेळीं त्याची गांठ मानीपंथीयांशीं पडली. मानी हा तिसऱ्या शतकांत इराणांत होऊन गेलेला धर्मसंस्थापक. प्रकाश व अंधार अशा दोन अनादि सत्तांचें युद्ध चाललें आहे. देव म्हणजे अफाट पसरलेलें तेजोमय द्रव्य. त्याचे कण झाडांत व फळांत अडकले असून पंथांतील निवडक पुरुषांनीं तीं फळें खाल्लीं म्हणजे ते मोकळे होतात, अशी त्यांची शिकवण. जुना करार ते मानीत नसत. देवानें मनुष्यास आपल्या प्रतिरूपाचा केला, तर मग देवास केस व नखें आहेत काय, असें ते ख्रिस्ती लोकांस हिणवून विचारीत. ऑगस्टीनापाशीं याचें उत्तर नव्हतें. शिवाय या मतांत एक सोय होती: पाप आपण करीत नसून आपल्यांतील अंधाराचा अंश तें करतो, असें म्हणतां येई. तो त्या पंथाच्या श्रोतृवर्गांत सामील झाला व सुमारें नऊ वर्षें तेथें राहिला. मित्रांनाही त्यानें त्यांत ओढलें.

मोनिकेनें एका बिशपांस विनवणी केली कीं, त्यांनीं मुलाशीं वाद करून त्याचा भ्रम दूर करावा. हे बिशप स्वतः बालपणीं त्याच पंथांत वाढलेले होते. त्या पंथाचे ग्रंथ त्यांनीं वाचले होते, इतकेंच नव्हे, त्यांच्या नकलाही केल्या होत्या. मुलगा नव्या मताच्या ऐटींत आहे, आतां कोणाचें ऐकणार नाहीं. वाचतां वाचतां त्याची चूक त्यालाच दिसेल, असें त्यांनीं तिला समजाविलें. ज्याच्यासाठीं आई इतकी रडते तो हातचा जाणार नाहीं, असा धीरही दिला. वादानें कोणी वळत नाहीं हें जाणणारा हा मनुष्य खरोखर शहाणा होता.

झालेंही तसेंच. मानीपंथाच्या ग्रंथांत सूर्यचंद्रांविषयीं पुष्कळ लिहिलेलें असे; परंतु ग्रहणें बिनचूक वर्तवीत ते इतर शास्त्रज्ञ. फौस्तुस या त्यांच्या विद्वान बिशपाकडून सर्व शंकांचें निरसन होईल असें त्यास सांगत. तो गृहस्थ ३८३ सालीं कार्थेजला आला. बोलणें गोड, पण ज्ञान तोकडें. आपणांस हें ठाऊक नाहीं असें त्यानें सरळ कबूल केलें. त्याचा प्रामाणिकपणा ऑगस्टीनास आवडला, पंथावरील विश्वास मात्र उडाला.

त्याच वर्षीं तो रोमला गेला आणि ३८४ सालीं मिलान येथें वक्तृत्वाचा सरकारी अध्यापक झाला. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांचीं प्रवचनें तो प्रथम निव्वळ भाषेसाठीं ऐके. हळूहळू अर्थही मनांत शिरूं लागला. जुन्या करारांतील ज्या वचनांची मानीपंथीय टर उडवीत, त्यांचा आध्यात्मिक अर्थ अँब्रोज उलगडून दाखवीत. देवास मानवी देह आहे असें पवित्र ख्रिस्तसभेनें कधींच शिकविलें नव्हतें! इतकीं वर्षें आपण ज्याची निंदा केली तें तिचें मत नव्हेच, हें कळतांच त्यास लाजही वाटली व आनंदही झाला. शंका विचारावयास तो बिशपांच्या घरीं जाई. पण ते मनांतल्या मनांत वाचीत बसलेले दिसत, म्हणून कांहीं वेळ गुपचूप बसून तो परत येई.

पुढें प्लेटोच्या अनुयायांचे ग्रंथ वाचून त्यास समजलें कीं देव हें द्रव्य नव्हे, आणि वाईट म्हणून कांहीं स्वतंत्र वस्तु नाहीं, चांगल्याच्या अभावास तें नांव आहे. परंतु शब्द देहधारी झाला हें त्या ग्रंथांत कोठेंच नव्हतें. तें त्यास संत पौलाच्या पत्रांत मिळालें. पूर्वीं जीं वचनें परस्परविरोधी वाटत त्यांत आतां त्यास एकसूत्रीपणा दिसूं लागला. ऑगस्ट ३८६ मध्यें बागेंत रडत असतां त्यानें एका मुलाचा आवाज ऐकला व रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय उघडला, ही गोष्ट सर्वश्रुतच आहे. त्याहून कमी परिचित गोष्ट अशी कीं, स्नानसंस्कारापूर्वीं काय वाचावें असें त्यानें अँब्रोज यांस लिहून विचारलें असतां त्यांनीं यशयाचा ग्रंथ सुचविला. पहिलाच भाग समजेना, तेव्हां त्यानें तो पुढील काळासाठीं बाजूस ठेविला. या खेपेस दोष ग्रंथाचा नसून आपल्या तयारीचा आहे, हें त्यास कळलें होतें. ३८७ च्या पास्काच्या रात्रीं पुत्र आदेओदातुस व मित्र आलीपियस यांच्यासह त्यानें अँब्रोज यांच्या हस्तें स्नानसंस्कार घेतला. मोनिका त्याच वर्षीं ओस्तिया बंदरीं वारली.

आफ्रिकेस परतल्यावर ३९१ सालीं हिप्पो येथील लोकांनीं ऑगस्टीनांस आग्रहानें धर्मगुरु करविलें. त्यांनीं प्रथम बिशप व्हॅलेरियस यांस पत्र लिहून शास्त्राभ्यासासाठीं पास्कापर्यंत सवड मागितली. ज्याच्या विद्वत्तेचा बोलबाला झालेला, त्यानें विद्यार्थ्याप्रमाणें रजा मागावी! दुसऱ्या वर्षीं मानीपंथाचा पुढारी फोर्तुनातुस याच्याशीं त्यांचा दोन दिवस जाहीर वाद झाला. निरुत्तर होऊन तो गांव सोडून गेला. पुढें बिशप झाल्यावर त्यांनीं फौस्तुसाच्या मतांचें खंडन ३३ भागांत लिहिलें, आणि शास्त्र कसें वाचावें याचाही एक ग्रंथ रचला. त्यांच्या नियमाप्रमाणें राहणारे संन्यासी १५७२ सालीं गोव्यास आले. जुन्या गोव्यांतील त्यांच्या पडक्या देवळाचा बुरूज आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिला असेल.

४३० सालीं व्हँडल टोळ्यांनीं हिप्पोस वेढा दिला असतां ऑगस्टीन तापानें अंथरुणास खिळले. दाविदाचीं पश्चात्तापाचीं स्तोत्रें लिहवून त्यांनीं भिंतीवर लाविलीं व पडल्या पडल्या तीं ते वाचीत. शेवटचे सुमारें दहा दिवस त्यांनीं वैद्य व जेवण यांच्या वेळेखेरीज कोणास आंत येऊं दिलें नाहीं. २८ ऑगस्ट रोजीं त्यांचा अंत झाला. मृत्युपत्र त्यांनीं केलें नाहीं, कारण देण्यासारखें कांहीं नव्हतें. ग्रंथसंग्रह मात्र पुढील लोकांसाठीं जपून ठेवावा, असें त्यांनीं वारंवार सांगितलें होतें.