बाळकरामाच्या आडोशाला

पुसदसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयात शिकविणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या दोन-चार वर्षांतच उमगते. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांच्या घरची बोली ही वर्गातली मराठी नसते. तांड्यावरून येणारी मुले घरी गोरमाटी बोलतात, गावातल्या काही मोहल्ल्यांत हिंदी-उर्दू बोलली जाते, आणि ज्यांच्या घरी मराठीच आहे त्यांचीही मराठी पाठ्यपुस्तकातल्या मराठीहून निराळी असते. यांतील बरीच मुले मागच्या बाकांवर मौन धरून बसतात. एखादा मात्र पहिल्या आठवड्यातच साऱ्या वर्गाचा विदूषक होतो. शब्द चुकला तर इतरांनी हसावयाच्या आत आपणच मोठ्याने हसून घ्यावे, ही युक्ती त्याला कोणी शिकविलेली नसते. मागणी-पुरवठ्याच्या नियमावर कोटी करणारा असा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होता. आम्ही प्राध्यापकांनी कौतुकाने त्याचे नाव बाळकराम ठेवले. दुसऱ्या सत्रात तो येईनासा झाला. खानावळीचे पैसे कित्येक महिन्यांचे थकले होते आणि ही गोष्ट बोलून दाखविण्याइतका जवळचा मित्र त्याला वर्गात एकही नव्हता, हे आम्हाला मागाहून कळले. आम्ही त्याच्या विनोदावरून त्याच्या परिस्थितीचा अंदाज बांधून मोकळे झालो होतो.

नाव देताना मात्र आमच्याकडून नकळत अचूक निवड झाली होती. कारण ज्याने हे टोपणनाव मराठी वाचकांच्या ओठी बसविले, त्या राम गणेश गडकऱ्यांची कथा याहून फारशी वेगळी नाही.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. कुटुंब चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, घरची भाषा मराठी. परंतु बालपण सारे गुजरातेत गेल्यामुळे कानावर पडे ती गुजराती. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि पुढे हे कुटुंब कर्जतला आले. त्या किशोरवयात रामला आपली मातृभाषा सफाईने बोलता येत नव्हती. ज्या भाषेच्या समृद्धीने पुढे वाचकांचे डोळे दिपले, ज्याच्या शब्दांच्या आतषबाजीची नक्कल करता करता दोन पिढ्यांतील लेखक दमले, तो लेखक या भाषेच्या दारी बऱ्याच उशिरा, पाहुण्यासारखा आला होता. गडकऱ्यांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले. पण त्यांचे गुजरातेतील बालपण बहुधा एका वाक्यात संपते आणि चरित्रकार घाईने पुण्याकडे वळतो. माझ्या मते खरा धागा तेथेच आहे. जन्मापासून जी भाषा कानावर असते तिच्याकडे माणूस सहसा वळून पाहत नाही. जी मागाहून कमवावी लागते तिचा एकेक शब्द तो उलटसुलट करून पाहतो, वाजवून पाहतो. गडकऱ्यांच्या कोट्या, त्यांची ती अनुप्रासांची आणि अतिशयोक्तीची हौस ही अशा कमावलेल्या धनाची उधळण वाटते. नवश्रीमंत मनुष्य लग्नात जसा खर्च करतो तसा हा खर्च आहे, असे एखादा अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणाला तर साहित्याच्या अभ्यासकांनी राग मानू नये.

एकोणिसाव्या वर्षी मॅट्रिक होऊन गडकरी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. कालिदास, भवभूती, शेक्सपिअर, शेली, मार्क ट्वेन, ज्ञानेश्वर आणि मोरोपंत हे सारे त्यांनी या काळात वाचून काढले. परीक्षेत त्यांना अडविले ते गणिताने. पहिल्याच वर्षाअखेर गणितात नापास झाल्यावर त्यांनी महाविद्यालय सोडले. आज हे वाक्य आपण सहज वाचतो. परंतु ज्या काळी सुशिक्षित घरातील मुलाचे मोल पदवीवरून ठरत असे, त्या काळी वडील नसलेल्या, परप्रांतातून आलेल्या मुलाने शिक्षण अर्धवट टाकणे म्हणजे प्रतिष्ठित समाजात शिरण्याचा एकुलता एक दरवाजा स्वतःच्या हाताने लावून घेणे होते. पोटासाठी त्यांनी मास्तरकी केली, वृत्तपत्रात काम केले, किर्लोस्कर नाटक मंडळीतील मुलांना शिकविले. नाटक कंपनीचा मास्तर हा विचित्र प्राणी होता. नटांच्या दृष्टीने तो बाहेरचा, आणि सदाशिव पेठेतील सभ्य गृहस्थांच्या दृष्टीने तो नाटकवाला. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण अशाच माणसांना पाहून कोणी रचली असावी.

नेमक्या याच काळात गडकरी मैफिलीचे राजे झाले. त्यांच्या हजरजबाबीपणाच्या कहाण्या पुण्यात पुढे कित्येक वर्षे सांगितल्या जात होत्या. अत्र्यांसारखा शिष्य तर त्या ऐकूनच घडला. पण या राजाने कागदावर जेव्हा जेव्हा सही केली तेव्हा ती कशी केली, हे पाहण्यासारखे आहे. कवितेखाली त्यांनी नाव घातले गोविंदाग्रज. गोविंदाचा अग्रज, म्हणजे थोरला भाऊ. सहीत स्वतःचे नाव नाही, नाते आहे. काव्याच्या प्रांतात ते स्वतःला केशवसुतांचा चेला म्हणवून घेत. विनोदात त्यांनी गुरुपद दिले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना. कोल्हटकर आमच्या वऱ्हाडात वकिली करणारे. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून त्यांनी मराठी विनोदाला नवे वळण दिले आणि गडकऱ्यांनी त्यांचे शिष्यत्व अभिमानाने मिरविले. वास्तविक भाषेच्या वैभवात शिष्य गुरूच्या पुढे गेला होता, आणि त्या काळच्या रसिकांना ते दिसत होते. तरीही गडकरी स्वतःला कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी चेला, कोणाचा तरी शिष्य म्हणवीत राहिले. याला विनय म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला त्यात घराण्याच्या शोधात असलेला मनुष्य दिसतो. ज्याला जन्मगाव सांगितले की खुलासा करावा लागतो, तो वंशावळ जुळवून ठेवतो.

बाळकराम हे नाव मात्र निराळे. त्यात नाते नाही, मुखवटा आहे. मनोरंजनसारख्या मासिकांतून हा बाळकराम वाचकांच्या भेटीला येऊ लागला आणि घरोघरचा झाला. नावातच बाळ आहे. या माणसाकडून कोणाला धोका नाही, याच्यापाशी कोणी मानापमान मोजावयाचे नाहीत. त्याच्या ‘ठकीचे लग्न’ या लेखनाला तीन पिढ्या पोट धरून हसल्या. तिंबूनानांची मुलगी ठकी रूपाने अगदीच बेताची, तिला स्थळ मिळत नाही, आणि तिच्यासाठी वर शोधण्याच्या खटपटीतून एकेक प्रसंग फुलत जातो. आमच्या शास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर ज्या मालाला बाजारात मागणी नाही तो खपविण्याची ती धडपड आहे, आणि हुंड्याच्या बाजाराचे इतके तपशीलवार वर्णन त्या काळच्या एखाद्या सामाजिक अहवालातही सापडणार नाही. पण हसू ओसरल्यावर पुन्हा वाचावे. ठकी स्वतः किती कमी बोलते ते मग ध्यानात येते. तिच्यावर सारे जग बोलते आहे, तिचे मोजमाप करते आहे आणि नाकारते आहे. हसविणाऱ्या बाळकरामाला नाकारले जाण्याची इतकी बारीक माहिती कोठून असावी? तोच हात, त्याच वर्षांत, गोविंदाग्रज या नावाने ‘राजहंस माझा निजला’ लिहीत होता. मेलेल्या बाळाला निजलेले समजून जपणाऱ्या आईचे ते गाणे ऐकताना आजही घरातल्या बायका पदराने डोळे टिपतात.

असा दुहेरी संसार करणारे लेखक इतरत्रही झाले. इंग्रजीतील चार्ल्स लॅम ईस्ट इंडिया कंपनीत ३३ वर्षे कारकुनी करीत होता. वेडाच्या भरात सख्ख्या बहिणीच्या हातून आई मारली गेली, ते १७९६ साली. त्या बहिणीला त्याने जन्मभर सांभाळले आणि एलिया या टोपणनावाने इंग्रजीतील सर्वांत प्रसन्न निबंध लिहिले. लॅमला निदान रोज सकाळी जाऊन बसावयास एक ठरलेले टेबल होते. गडकऱ्यांना तेही नव्हते.

महाराष्ट्राविषयीचे त्यांचे प्रेमही या दृष्टीने पाहावे. त्यांचे श्रीमहाराष्ट्रगीत शाळाशाळांतून म्हटले गेले. राकट, कणखर दगडधोंड्यांच्या भूमीला मायेने कवेत घेणारे ते गीत नवसारीत जन्मलेल्या माणसाने लिहिले, याचे नवल मला फार वर्षे वाटत असे. आता वाटत नाही. सह्याद्रीच्या कुशीत जन्मलेल्याला सह्याद्री दिसतोच. तो आपला आहे की नाही हा प्रश्न त्याला पडत नाही. ज्याला ते आपलेपण मिळवावयाचे असते तो आळवणी करतो. दैव असे की याच गडकऱ्यांचा पुण्याच्या संभाजी उद्यानातील पुतळा ३ जानेवारी २०१७ रोजी उखडून मुठा नदीत टाकण्यात आला. कारण होते ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकातील संभाजी महाराजांचे चित्रण. त्या नाटकाविषयी मतभेद असू शकतात, इतिहासाच्या कसोटीवर त्यावर टीकाही व्हावी. पण पुण्याच्या भूमीवर उभे राहण्याचा आपला हक्क मृत्यूनंतर ९८ वर्षांनीही वादात असेल, ही कल्पना कोणाला असली तर ती बहुधा खुद्द गडकऱ्यांनाच असती.

नाटकांत तर हे दुखणे त्यांनी जवळजवळ उघड केले आहे. ‘एकच प्याला’ हे दारूच्या दुष्परिणामांवरील नाटक म्हणून ओळखले जाते, आणि शाळेच्या निबंधात तसे लिहिणेच सोयीचे असते. सुधाकर प्याला उचलतो तो चैनीसाठी नव्हे. तो बुद्धिमान वकील आहे, मानी आहे, आणि भर कोर्टात त्याचा अपमान होऊन काही काळासाठी त्याची सनद जाते. ज्या वर्तुळात त्याने स्वकर्तृत्वाने जागा मिळविली तेथून तो एका दिवसात बाहेर फेकला जातो. अशा वेळी त्याला विसराव्याचे औषध देतो तळीराम, त्याचा कारकून. हा तळीराम नाटकातील सर्वांत विनोदी मनुष्य आहे. त्याचे ते आर्यमदिरामंडळ रंगमंचावर आले की प्रेक्षागृह हास्याने दणाणून जाते. पण हे मंडळ आहे तरी काय? जेथे कोणाला जात विचारली जात नाही, परीक्षा पास झाल्याचा दाखला लागत नाही, आणि रिकामा पेला पुढे केला की सभासदत्व मिळते, अशी ती एकमेव सभा आहे. बाहेरच्या सभ्य समाजाने जे सुधाकराला नाकारले ते तळीराम त्याला हसत हसत देतो, आणि त्याची किंमत सिंधूकडून वसूल होते. ‘भावबंधन’मधील घनश्यामही असाच दुखावलेला. लतिकेने केलेली थट्टा त्याच्या जिव्हारी लागते आणि त्यातून सूडाचे सारे कारस्थान उभे राहते. थट्टा हा जीवघेणा प्रकार होऊ शकतो, हे मराठीतील सर्वांत मोठ्या थट्टेखोराने आपल्या शेवटच्या पुऱ्या नाटकात लिहून ठेवले.

घरी सुख नव्हते. पहिला विवाह टिकला नाही. दुसरी पत्नी रमाबाई वयाने पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तोही संसार नीट लागला नाही. त्यातच क्षयाने शरीर पोखरले. अखेरच्या दिवसांत गडकरी नागपूरजवळ सावनेरला येऊन राहिले. पुणे मागे राहिले, मैफिली मागे राहिल्या. ज्या विदर्भात त्यांच्या गुरूने आयुष्य घालविले तेथेच शिष्य अंथरुणाला खिळून ‘भावबंधन’ पुरे करीत होता. नाटकाचा शेवटचा अंक त्यांनी हातावेगळा केला आणि काही तासांतच, २३ जानेवारी १९१९ रोजी, प्राण सोडला. वय ३३ वर्षांचे. ‘वाग्वैजयंती’ हा कवितासंग्रह ग्रंथरूपाने त्यांनी पाहिला नाही, ‘संपूर्ण बाळकराम’ पाहिले नाही.

‘एकच प्याला’ लिहून झाले होते, पण पदे व्हावयाची होती. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहून दिली. मृत्यूला पुरता महिना होण्यापूर्वी, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने पहिला प्रयोग लावला. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. प्रयोग झाला तो पुण्यात नाही आणि मुंबईतही नाही. तो झाला बडोद्याला, गुजरातेत.